फुटलेल्या पेपरावरचा शिक्का

१

रविवारी सकाळी चाकूरच्या आमच्या अभ्यासिकेच्या पटांगणात तीनशे बारा पोरं-पोरी पॅड आणि पेन घेऊन बसली होती. साडेदहाला संस्थेचे सचिव भागवतराव पायरीवर आले आणि म्हणाले, पेपर फुटलाय, परीक्षा रद्द, घरी जा. काही पोरं शिरूर अनंतपाळहून आलेली, काही अहमदपूरच्या पलीकडून. या चाचणीतून पंचवीस जणांची निवड होणार होती आणि त्यांना लातूरला दोन वर्षं फुकट राहणं, खाणं, शिकवणी मिळणार होती. पोरं अर्धा तास जागची हलली नाहीत म्हणे.

मी तिथं नव्हतो. नांदेडला दुकानात एका प्रिंटरच्या पोटात हात घालून बसलो होतो. मी संगमेश्वर. वय पंचावन्न, गुडघे सत्तरचे. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करायचे आणि त्यांच्यावर लिनक्स टाकून द्यायचं, हा माझा धंदा. ही सिस्टीम कुणाच्या मालकीची नाही, फुकट मिळते आणि म्हाताऱ्या मशीनवरही चालते. अभ्यासिकेचे सहाही कॉम्प्युटर माझ्याच हातचे. शेषेराव सरांचा गणिताचा तास गावोगावच्या पोरांना मोबाइलवर थेट दिसावा म्हणून सहा महिन्यांपूर्वी प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअरही मीच बसवून दिलं होतं.

भागवतरावांनी फोनवर आधी माझ्या फुकटच्या सिस्टीमचा उद्धार केला. मग मुद्द्यावर आले. सोमवारी या आणि एक कागद लिहून द्या, त्या कॉम्प्युटरचा पासवर्ड फक्त बुद्धप्रियाकडं होता म्हणून. मंगळवारी अकराला ते पोलिसात तक्रार देणार होते आणि तक्रारीला माझा कागद जोडणार होते.

बुद्धप्रिया सोनकांबळे म्हणजे अभ्यासिका सांभाळणारी पोरगी. चोवीस वर्षांची. लातूरच्या जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहायक म्हणून तिची निवड झालेली, यादीत नाव लागलेलं, फक्त पोलिसांची चारित्र्य पडताळणी बाकी होती. त्या तक्रारीत तिचं नाव आलं असतं तर नोकरी गेलीच म्हणून समजा. म्हणजे तिचा गळा माझ्या सहीत अडकला होता. खरं सांगतो, मला त्या दिवशी कुणाच्याच गळ्याची फिकीर करायची ताकद नव्हती. पण सही माझी होती, म्हणून गेलो.

२

नांदेड ते चाकूर एसटीत कंबर मोडून घेतली आणि दुपारी बाराला पोहोचलो. भागवतराव टेबलावर मोबाइल घेऊन तयारच होते. माणूस वाईट नाही, पण त्यांना प्रत्येक गोष्टीत आधी माणूस धरायचा असतो आणि मग गुन्हा शोधायचा असतो.

त्यांचं म्हणणं असं. पेपर शेषेराव सरांनी स्वतः टाइप केला, पेन ड्राइव्हमध्ये ठेवला आणि पेन ड्राइव्ह खिशात. शुक्रवारी दुपारी तो छापखान्यात मल्लेशकडं दिला. शनिवारी संध्याकाळी पोरांच्या मोबाइलवर पेपराचे चार फोटो फिरायला लागले, चाळीसपैकी अठ्ठावीस प्रश्न. सर टाइप करायला अभ्यासिकेचाच कॉम्प्युटर वापरतात आणि पासवर्ड पोरीकडं.

एवढ्यावरून कुणाला फासावर द्यायचं का, असं मी विचारलं. तेव्हा त्यांनी हुकमाचं पान काढलं. सरांचा प्रत्येक तास आपल्या चॅनलवर व्हिडिओ होऊन राहतो. एकट्या गुरुवारचा व्हिडिओ तिथं नव्हता. शुक्रवारी सकाळी कुणीतरी तो काढून टाकला होता आणि काढण्याची चावी फक्त बुद्धप्रियाकडं होती.

"तिला विचारलं, का काढला? खाली मान घालून बसली. न्हाई म्हणली न्हाई, हाव म्हणली न्हाई," भागवतराव म्हणाले.

मी फोटो बघायला मागितले. चारही फोटो मोबाइलच्या पडद्यावरून उचललेले, अक्षर जरा पुसट. प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात संस्थेचा गोल शिक्का, पुस्तक आणि दिव्याचा. एका फोटोत तर शिक्का सतराव्या गणिताच्या शेवटच्या शब्दावरच बसला होता.

हाच शिक्का म्हणजे पुरावा, असं भागवतरावांचं मत. शिक्का आहे म्हणजे अस्सल पेपर आहे, आतल्याच माणसानं दिलाय. मी मान हलवली. पण एक गोष्ट पटेना. आपल्याच पेपरातला शब्द झाकून कोण शिक्का मारतं?

मी कागदावर सही केली नाही. चहा घेऊन येतो म्हणालो आणि सरळ छापखान्यात गेलो.

३

मल्लेश उदगीरकडचा, बोलताना मध्येच कानडीत घुसणारा. माझ्याकडं बघून त्याचं तोंड उतरलं, कारण गावात संशयाचा दुसरा नंबर त्याचाच होता. सकाळपासून तीन जण येऊन खोदून विचारून गेले म्हणाला, बायको जेवायला वाढेना झाली. मी म्हटलं, बाबा, मी पोलीस नाही, मला फक्त छापलेला पेपर दाखव.

त्यानं गठ्ठा उघडला. रद्द झालेले तीनशे पन्नास पेपर, दोऱ्यानं बांधलेले. मी एक उचलला आणि आधी उजवा कोपरा बघितला. कोरा. वर संस्थेचं नाव साध्या अक्षरात, शिक्का कुठंच नाही. सरांच्या पेन ड्राइव्हमधली फाइल त्यानं दाखवली, तीही तशीच.

मग मी सतरावं गणित काढलं. दोन नळ आणि एक टाकी, आपण सगळ्यांनी सोडवलेलं. छापलेल्या पेपरात पहिला नळ टाकी वीस मिनिटांत भरतो आणि दुसरा तीस मिनिटांत. फुटलेल्या फोटोत पहिला वीस आणि दुसरा छत्तीस.

"तू आकडा बदललास?" मी विचारलं.

"मी काय गणितं करत बसतो का इथं? आलं तसं छापलं," मल्लेश म्हणाला.

म्हणजे मल्लेश सुटला. त्याच्याकडं शुक्रवारी आली ती तीसची फाइल. फुटली ती छत्तीसची. सरांनी गणित दुरुस्त करण्याआधी कुणीतरी पेपर बघितला होता, आणि त्या वेळी पेन ड्राइव्ह सरांच्या ताब्यात होता. मी मल्लेशला तसं सांगितलं. त्यानं माझे हात धरले आणि घरी येऊन हे बायकोला सांगाल का म्हणून विचारलं. मी नंतर सांगतो म्हणालो. अजून सांगितलेलं नाही.

राहता राहिलं एवढंच, की सरांनी छत्तीसचे तीस कधी केले.

४

सरांकडं जायचं मी टाळलं. आठवीत अहमदपूरला त्यांनी मला शिकवलंय आणि आजही त्यांच्यापुढं माझी जीभ टाळ्याला चिकटते. त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. बायको गेल्यापासून तो रोजचा तास सोडला तर त्यांना दुसरं काही नाही. भागवतरावांना त्यांच्या जागी तरुण माणूस हवाय, हेही गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणून आधी केवळाबाईंना गाठलं. त्या अभ्यासिका झाडतात, पुसतात, कुलूप त्यांच्याकडं असतं. पायरीवर बसून तंबाखू मळत होत्या. गुरुवारी तास झाल्यावर खोलीत कोण होतं, एवढंच विचारलं.

सर एकटेच होते म्हणाल्या. बुद्धप्रिया पाचलाच लातूरला गेली होती, तिच्या नोकरीचे कागद द्यायचे होते. जाताना सरांना सांगून गेली की तास झाला की बंद करा. साडेपाचला तास संपला आणि सर पुढं पाऊण तास तिथंच कॉम्प्युटरपुढं बसले, वहीत गणितं करत. दुसरं कुणी आत गेलं नाही, कारण केवळाबाई दारातच बसल्या होत्या.

"पुसाया गेले तवा त्यो डोळा टेबलावर पडलेला. वायर काढून ठिवलेली. मी पुसून बाजूला ठिवला बगा," त्या म्हणाल्या.

डोळा म्हणजे कॅमेरा. कॅमेरा कुणी काढला म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, सरांनीच की, ते समदंच उपटून ठिवतात, बटनावर इश्वास न्हाई त्यांचा.

खोलीत एकच माणूस, पेपर त्याच्याच हातात आणि तो माणूस म्हणजे शेषेराव सर. मला क्षणभर वाटलं की आत्ताच्या आत्ता नांदेडची गाडी धरावी.

५

गाडी धरली नाही. खोलीत गेलो, फोनवर बुद्धप्रियाकडून पासवर्ड घेतला, कॉम्प्युटर चालू केला आणि प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर उघडलं. सहा महिन्यांपूर्वी मीच लावलेली मांडणी समोर आली.

हे सॉफ्टवेअर चित्रं एकावर एक ठेवतं, भाकरीवर भाकरी ठेवावी तसं. सगळ्यात वर संस्थेचा शिक्का, तो कायम कोपऱ्यात दिसतो. त्याच्या खाली कॅमेरा, म्हणजे सर. आणि कॅमेऱ्याच्या खाली मी कॉम्प्युटरचा अख्खा पडदा ठेवला होता, सरांना कधी आकृती दाखवायची झाली तर वरचा कॅमेरा लपवला की झालं. त्या दिवशी मला ते फार हुशारीचं वाटलं होतं. नीट करायचं तर दोन वेगळे देखावे, एक कॅमेऱ्याचा आणि एक पडद्याचा, बनवून द्यायला हवे होते, अर्ध्या तासाचं काम.

मी करून बघण्यापुरतं खासगी प्रक्षेपण सुरू केलं आणि माझ्या मोबाइलवर लावलं. माझाच दमलेला चेहरा दिसला, कोपऱ्यात शिक्का. मग कॉम्प्युटरवर एक जुना प्रश्नसंच उघडला आणि कॅमेऱ्याची वायर ओढली.

काही सेकंदांनी मोबाइलवरून माझा चेहरा गेला. आवाजही गेला, कारण माइक कॅमेऱ्यातच आहे. आणि त्या जागी आला प्रश्नसंच, कोपऱ्यातल्या शिक्क्यासकट. शिक्का बसला होता एका गणिताच्या शेवटच्या शब्दावर.

प्रक्षेपण बंद झालंच नव्हतं. वायर ओढून सरांनी फक्त वरची भाकरी उचलली होती. पुढची पंचेचाळीस मिनिटं ते स्वतःचा पेपर, एकेक पान पुढं सरकवत, सगळ्या तालुक्याला दाखवत बसले होते. कुठल्यातरी गावात एखाद्या पोरानं मोबाइल बंद केला नसेल, त्यानं चार फोटो उचलले. त्या पोराला शोधायची मला गरज वाटली नाही आणि आजही वाटत नाही.

"बघितलंत ना," मागून आवाज आला.

बुद्धप्रिया दारात उभी होती. मी मोबाइल तिच्याकडं वळवला. ती खाली बसली आणि मग सगळं सांगितलं, न रडता. शुक्रवारी सकाळी तिनं चॅनल उघडलं तर गुरुवारचा व्हिडिओ नेहमीपेक्षा पाऊण तास लांब. शेवट बघितला आणि तिच्या लक्षात आलं. कुणी बघितलं नसेल असं धरून तिनं तो काढून टाकला.

मी चिडलो. शुक्रवारी तोंड उघडलं असतंस तर पेपर बदलता आला असता, म्हणालो. तीनशे पोरं उन्हात बसली नसती आणि तूही या खड्ड्यात पडली नसतीस. ती मान्य म्हणाली. दोन रात्री तेच डोक्यात येतंय म्हणाली.

"पण सरांना कळलं असतं, अप्पा. भागवतरावांनी त्याच दिवशी त्यांना घरी बसवलं असतं. मला सहावीपासून शिकवलंय त्यांनी, एक रुपया घेतला न्हाई. आमच्या वस्तीवर येऊन शिकवलंय."

तुझी नोकरी जाईल, मी म्हटलं. माहीत आहे म्हणाली. आणि मग तिनं हात जोडले, सरांना सांगू नका म्हणून.

६

तरीही सांगावं लागणारच होतं. चोवीस वर्षांच्या पोरीनं त्र्याहत्तर वर्षांच्या माणसासाठी जन्म वाया घालवायचा, हे सरांनाच चाललं नसतं.

पाच वाजता सरांच्या घरी गेलो. ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली आणि मला खुर्ची दिली. मी आधी सतरावं गणित विचारलं. गुरुवारी तास झाल्यावर सगळी गणितं त्यांनी वहीत सोडवून बघितली होती. सतराव्याचं उत्तर अपूर्णांकात आलं, पोरांना उगाच त्रास, म्हणून तिथंच छत्तीसचे तीस केले. शेवटचं काम तेच, मग मशीन बंद करून घरी आले.

म्हणजे सगळं जुळलं. आता कॅमेऱ्याचं विचारणं तेवढं राहिलं होतं.

"सर, तुम्ही कॅमेरा का काढलात?"

त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं.

"बंद करायला. तूच सांगितलं होतंस ना."

मला काहीच आठवेना. सर आत गेले, एक वही घेऊन आले. त्यांची जुनी सवय, नवीन काही शिकलं की तारीख घालून लिहून ठेवायचं. पान काढून त्यांनी माझ्यापुढं धरलं. सुंदर अक्षरात लिहिलं होतं: बुद्धप्रिया नसल्यास प्रक्षेपण बंद कसे करावे? संगमेश्वर म्हणाला, कॅमेऱ्याची वायर ओढावी, मग कोणास काही दिसत नाही.

वाचलं आणि तो दिवस डोळ्यांपुढं आला. दिवाळीच्या तोंडावर, सकाळपासून सहा मशीन लावून मी बेजार झालो होतो. नांदेडच्या गाडीला दहा मिनिटं होती आणि सर शाळेतल्या पोरासारखे वही उघडून विचारत होते, बंद कसं करायचं. थांबवायचं बटण दाखवायचं तर आधी खिडकी कशी वर आणायची ते दाखवावं लागलं असतं. मी पिशवी खांद्याला लावली आणि तोंडाला आलं ते बोलून निघालो. खाली पडदा ठेवलाय हे त्या वेळी माझ्या डोक्यातही आलं नाही.

मी सरांना सगळं सांगितलं, भाकऱ्यांसकट. त्यांनी वही मिटली आणि खुंटीवरचा सदरा घेतला. भागवतरावांकडं जातो म्हणाले. पेपर माझ्या हातून फुटला, पोरीचा काही संबंध नाही, असं लिहून देतो.

आणि लाज वाटते सांगायला, पण मी दोन क्षण गप्प बसलो. सरांनी लिहून दिलं की पोरगी सुटणार. माझं नाव कुठंच येणार नाही. वही त्यांची, ती कोण बघायला जातंय. मी इतका दमलो होतो की ते मला चांगलं वाटायला लागलं.

सर सदऱ्याची बटणं लावत होते. वरचं बटण काही लागेना.

"सर, तुम्ही बसा," मी म्हणालो. "तुम्ही मी सांगितलं ते बरोबर केलं. लिहून मी देतो. वही तेवढी द्या."

७

सहा वाजता भागवतरावांच्या टेबलावर मी कागद ठेवला, पण त्यांना हवा होता तो नव्हे. त्यात मांडणी कुणी केली, चुकीचं कुणी सांगितलं, हे माझ्या नावानिशी लिहिलं होतं आणि सोबत वहीतल्या पानाची प्रत जोडली होती. पासवर्डाबद्दल एकच ओळ, की पेपर फुटायला पासवर्ड लागलाच नाही. खाली सही केली.

त्यांनी दोनदा वाचलं. कॅमेऱ्याची वायर मी त्यांच्यासमोर ओढून दाखवली, तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पोरीवरची लिहून ठेवलेली तक्रार त्यांनी फाडून टाकली. तिनं व्हिडिओ काढून टाकला याबद्दल दोन शब्द सुनावले, तेवढा त्यांचा अधिकार होता. मला मात्र सांगितलं की यापुढं या संस्थेची पायरी चढायची नाही. आणि शेषेराव सरांनी निरोप पाठवला होता, परीक्षेचा नवा पेपर ते हातानं लिहून देतील, पण त्या मशीनपुढं आता बसणार नाहीत. भागवतरावांना मनातून तेच हवं होतं. मी भांडायला तोंड उघडलं, पण कोणत्या तोंडानं भांडणार होतो?

बाहेर पायरीवर बुद्धप्रिया होती. मला वाटलं, निदान ही तरी बरं काही बोलेल.

"त्या दिवशी सरांना दहा मिनिटं का दिली न्हाईत, अप्पा?"

"दमलो होतो गं."

"सगळेच दमतात," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "रविवारी आलेली पोरं पहाटं उठून आली होती. मी तर शुक्रवारी गप्प बसले, मला बोलायचा हक्क न्हाई. पण सर घरी बसले ना आता. त्यांचा तास गेला."

तिच्या हातात पोरांची यादी होती, नव्या परीक्षेची तारीख कळवायला प्रत्येक घरी फोन करायचा होता. मी अर्धी यादी मागितली. तिनं खालची पानं काढून दिली.

पहिला नंबर शिरूर अनंतपाळचा होता. एका बाईनं उचलला, मागं शेरडं ओरडत होती. पोरगी कालपासून पुस्तक उघडत नाही म्हणाली. पुढच्या रविवारी परीक्षा आहे, तिला पाठवा, असं मी सांगितलं. या वेळेला तरी नक्की होणार का, तिनं विचारलं, आणि मागच्या वेळेला काय झालं होतं? मी पायरीवर बसलो आणि तिला पहिल्यापासून सांगायला लागलो.